नळीतला उजेड

“आणि नेम चुकला तर ती गोळी कुठवर जाते?”

मी विचारलं, आणि माउंट रोडवरच्या त्या बंदुकांच्या दुकानात जेवढे पुरुष होते तेवढे सगळे माझ्याकडे बघायला लागले. कडेवर तीन वर्षांचा सुंदर, खांद्याला त्याच्या पाण्याच्या बाटलीची पिशवी, बसमध्ये चुरगळलेली साडी. अशी बाई त्या दुकानात बहुधा कधी आलीच नसावी.

ह्यांनी घसा खाकरला. “कुमुदिनी, आपण किंमत विचारायला आलोय.”

काउंटरमागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र हातातली बंदूक खाली ठेवली. शेषगिरी त्यांचं नाव. पांढऱ्या वेष्टीवर काळा कोट, कपाळावर ठसठशीत वैष्णवी नाम. ते तमिळमध्ये म्हणाले, “तीस वर्षं इथं उभा आहे, अम्मा. नेम लागला तर काय होतं हे सगळे विचारतात. चुकला तर काय होतं, हे विचारणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच. पॉइंट टू-टूची गोळी दिसायला एवढीशी, पण मोकळी सुटली तर मैलभर जाते.”

मैलभर! आमच्या अंबत्तूरच्या घरापासून रेल्वेचा रूळ दोन फर्लांगांवर होता.

आम्ही शहरातलं, तिरुवल्लिकेणीचं भाड्याचं घर सोडून शहराबाहेर अंबत्तूरला येऊन दीड वर्ष झालं होतं. ह्यांना तिथल्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली. घराला लागून अर्धा एकर जमीन मिळाली, तीत भुईमूग लावला. भुईमुगाला शेंगा धरल्या आणि कोल्हे यायला लागले. आधी संध्याकाळी दूरवर ओरडायचे, मग कुंपणाशी, मग थेट विहिरीपर्यंत. शेंगा गेल्या असत्या तर मी गप्प बसले असते. पण आषाढात शेजारच्या कनकाच्या वासराला कोल्हा चावला, आणि महिन्याभरात ते वासरू तोंडाला फेस येऊन, भिंतीवर डोकं आपटून आपटून मेलं. त्या दिवसापासून मी सुंदरला अंगणात एकटं सोडलं नाही. तो अंगणाच्या दारात उभा राहून “नरी! नरी!” अशी कोल्ह्याला हाक मारायचा आणि मी त्याला उचलून आत आणायची.

विष घालायचं म्हटलं तर अंगणात रांगतं-धावतं पोर, कनकाच्या कोंबड्या, गल्लीतली कुत्री. छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीनं कोल्ह्याला नुसती गुदगुली होते, असं सगळे म्हणाले. म्हणून चेंगलपेटच्या कलेक्टर कचेरीत चार खेपा घालून ह्यांनी लायसन काढलं. घराबाहेर कोल्हा होता म्हणून बंदूक हवी होती, आणि घरात बंदूक येणार म्हणून मला झोप नव्हती.

शेषगिरींनी तीन बंदुका मांडल्या. पहिली नवी कोरी, परदेशी, पाच गोळ्यांची. तिच्या किमतीत आमचे तीन महिने निघाले असते. दुसरी जुनी, नळीखाली गोळ्यांची लांब नळकांडी असलेली, स्वस्त. ह्यांचा हात तिच्याकडेच गेला. एकदा भरली की पंधरा बार!

“साहेब, ही घेऊ नका,” शेषगिरी हळूच म्हणाले. “हिच्या पोटात एखादी गोळी राहिली, तर ते तिचं तिलाच ठाऊक असतं. घरात लहान मूल आहे.”

स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका म्हणणारा माणूस! मी तिथंच मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

तिसरी एकबारी. निलगिरीतला कोणी गोरा मळेवाला मायदेशी परत जाताना विकून गेलेली. दस्त्यावर ओरखडे, पण नळी आतून आरशासारखी. एका वेळी एकच गोळी, आणि मागचा लोखंडी बोल्ट सबंध बाहेर निघत होता. बोल्ट काढला की बंदूक म्हणजे नुसती लोखंडाची नळी. शेषगिरींनी तो काढून माझ्याच हातात ठेवला. थंड, जड, वीतभर.

“हा तुमच्या कुलपात. बंदूक साहेबांच्या कुलपात.”

“आणि गोळ्या?” मी विचारलं.

“त्या तिसऱ्या कुलपात. एक दोष मात्र सांगून ठेवतो. गोळी मागे ओढून काढणारी ही आकडी झिजली आहे. कधीमधी गोळी आतच चिकटून राहते आणि बोल्ट तेवढा हातात येतो. आकडी घडवणारा आमचा मिस्त्री दिवाळीनंतर गावाहून येईल, तेव्हा फुकट बसवून देतो. तोवर बोल्ट काढला की नळी आभाळाकडे धरायची आणि मागून बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तर रिकामी. उजेड बघितल्याशिवाय बंदूक रिकामी म्हणायची नाही. आणि मारायची ती उंचावरून, खाली मातीकडे. रुळाकडे तोंड करून कधीच नाही.”

मी परतीच्या बसमध्ये हे सगळं सुंदरच्या बिस्किटाच्या कागदावर लिहून काढलं. हे हसले. “फिजिक्सची परीक्षा आहे का?”

घरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई सईबाईंनी, बंदूक उलटीसुलटी करून बघितली. त्यांचं माहेर तंजावरचं. वडलांच्या घरी भिंतभर हत्यारं होती म्हणे. आमच्याकडे त्यांतली एक गंजकी कट्यार तेवढी आली होती. “ही तुपाक्की कीं पिचकारी रे, प्रताप? माझे बाबा असते तर हिनें कावळासुद्धां हाकलला नसता.”

“आई, कोल्हा मारायचाय, वाघ नव्हे.”

“कोल्ह्याला तरी लाज वाटेल कीं नाहीं, हिनें मरायला?”

बोल्ट मी माझ्या ट्रंकेत ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी गच्चीवर जाताना ह्यांना माझ्याकडे यावं लागायचं. “कमांडर-इन-चीफ, बोल्ट मिळेल का?” असं म्हणून हात पुढे करायचे. खाली आले की मी आधी विचारायची, “उजेड बघितला?” ते नळी खिडकीकडे धरायचे, मी बघायची, मग बोल्ट ट्रंकेत. महिन्याभरात दोन कोल्हे पडले. बाकीचे कुंपणाच्या आत येईनासे झाले. मला रात्री झोप यायला लागली.

आणि झोप यायला लागली तशी मी विचारायची थांबले. बोल्ट हातात आला की झालं. बोल्ट माझ्या कुलपात म्हणजे पोर सुरक्षित, असं एक समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसून गेलं. तो बिस्किटाचा कागद ट्रंकेच्या तळाशी गेला.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा. आमच्या शेजाऱ्यांची आयुधपूजा त्याच दिवशी. कनकाचा नवरा सायकलीला चंदन लावतो, आम्ही कट्यारीला हळदकुंकू वाहतो. यंदा बंदूकही पाटावर ठेवायची होती. सकाळीच आत्याबाई म्हणाल्या, “कुमुदिनी, तो लोखंडाचा तुकडा आण. जोडून ठेवूं.”

“नको, आत्याबाई. तशीच पूजा करू ना. बोल्ट बाजूला ठेवू, त्यालाही फूल वाहू.”

“भंगलेल्या मूर्तीला पुजा करितो काय आपण? मग भंगलेल्या हत्याराला कशी करायची? डोकें एका पाटावर, धड एका पाटावर! देवी काय म्हणेल?”

“देवीला मूल नाही का? ती समजून घेईल.”

“तुझी देवी कॉलेजांत शिकली असेल. माझी नाहीं.”

मला खरं तर आणखी एका गोष्टीची भीती होती. ह्यांच्या घरात आरतीनंतर सर्वांत लहान मुलाचा हात शस्त्राच्या मुठीला लावतात. ह्यांचा लावला होता, सासऱ्यांचा लावला होता. यंदा सुंदरची पाळी. बंदुकीची मूठ म्हणजे चापाच्या शेजारीच. आणि तो तर सकाळपासून “माझी तुपाक्की, माझी तुपाक्की” म्हणत पाटाभोवती नाचत होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समईत तेल घालत होते. “अगं, गोळ्या कुलपात आहेत. बोल्ट बसवला तरी नुसता खट्ट आवाज होईल. उद्या दसऱ्याला पूजा उतरली की परत तुझ्या ट्रंकेत. वर्षातून एकदाच येणाऱ्या सणाला आईचं मन मोडायचं का?”

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी ट्रंक उघडली, बोल्ट काढला आणि तोंड पाडून आत्याबाईंच्या पुढे ठेवला.

त्यांनी त्याला हातही लावला नाही. “थांब. आधीं आंघोळ.”

“कुणाची?”

“हत्याराची. पारोशा हत्याराला कुंकू लावायचें? माझ्या माहेरीं हें काम आम्हां मुलींचें. पुरुष नुसते मिशा पिळीत आरतीला यायचे.” त्यांनी कट्यार चिंचेनं घासली, राखेनं पुसली. मग बंदूक मांडीवर घेतली, जुन्या मलमलीवर खोबरेल घेऊन दस्ता पुसला, नळी बाहेरून पुसली. मी घड्याळाकडे बघत होते. पायसम् चुलीवर होतं, सुंदर उपाशी होता, आणि माझ्या मनात एकच: हे सगळं एकदाचं होऊन जाऊ दे.

आत्याबाईंनी नळीचं तोंड अंगणाकडे, वर आभाळाकडे केलं आणि मागच्या भोकाला डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला.

“उजेड नाहीं गं.”

“आई, तुमचे डोळे—” हे हसत म्हणाले. आत्याबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं.

“डोळे माझे गेले असतील. आभाळ गेलें नाहीं. इथून आभाळ दिसत नाहीं.”

ते शब्द ऐकले आणि माझ्या हातातला पळा खाली पडला. मी जाऊन बंदूक त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. भर अकराचं ऊन, अंगण पांढरंफटक, आणि नळीच्या आत गोल, पितळी, मिट्ट बंद.

“हे काय आहे?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ह्यांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला. परवा शनिवारी ते गच्चीवर गोळी भरून बसले होते. कोल्हा आला, पण रुळाच्या बाजूनं, म्हणून त्यांनी बार काढलाच नाही. हे त्यांचं शहाणपण. खाली उतरताना बोल्ट ओढून काढला. गोळी बाहेर आली नाही. अंधारात कुठंतरी पडली असेल, सकाळी शोधू, असं वाटलं. नळीतून बघायला उजेडच उरला नव्हता. मी हात पुढे केला, त्यांनी बोल्ट दिला, मी ट्रंक लावली. मी काही विचारलं नाही.

त्यांनी मला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. मी सुंदरला उचललं आणि अंगणाच्या पार टोकाला, विहिरीमागे जाऊन उभी राहिले. तो पाय झाडत रडत होता, माझ्या केसांना लोंबकळत होता. थोड्या वेळानं ह्यांची हाक आली. त्यांनी नळीच्या तोंडाच्या बाजूनं गज हळूच घालून ती गोळी मागे ढकलून काढली होती.

ती आत्याबाईंच्या तळहातावर होती. भुईमुगाच्या शेंगेपेक्षाही बारीक. आणखी अर्ध्या तासानं तो बोल्ट बसला असता, माझ्या मुलाचा हात धरून आम्ही सगळ्यांनी मिळून, आरती म्हणून, त्या मुठीवर ठेवला असता. पाटावर नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे आलं असतं, माझ्या उभं राहायच्या जागेकडे. पण मी माझा विचार करत नव्हते. मी त्याच्या आयुष्याचा विचार करत होते, ज्याला हे पुढे जन्मभर आठवत राहिलं असतं.

मी आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. सणाचा नमस्कार नव्हता तो. गुडघे धरून बसून राहिले.

“अय्यो, ऊठ गं. पायसम् लागतें आहे बघ, वास येतो आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला काय कळायचें? बाबा म्हणायचे, देवापुढें ठेवण्याआधीं हत्याराच्या पोटांत काय आहे तें बघावें. ते म्हणायचे, आम्ही बघायचो. दुनळीच्या दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसलें कीं मगच कुंकू. मी सात वर्षांची असल्यापासून बघतें. एकदांही कांहीं निघालें नाहीं.” त्यांनी तळहातावरची गोळी मुठीत मिटून घेतली. “एकदांही नाहीं. तरी बघायचो.”

हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “चूक माझी.”

“माझी,” मी म्हटलं.

“हट्ट माझा,” आत्याबाई म्हणाल्या. “बरें झालें, तिघांच्यांत वांटून झालें. आतां पुजा करूं.”

नळी पुन्हा आभाळाकडे झाली. ह्यांनी बघितलं, मी बघितलं, आत्याबाईंनी बघितलं. आत निळं, स्वच्छ, नाण्याएवढं आभाळ होतं. मी सुंदरलाही दाखवलं. तो म्हणाला, “कावळा गेला!” म्हणजे खरंच दिसत होतं.

आत्याबाईंनी स्वतःच बोल्ट उचलला, कुंकवाचं बोट लावलं आणि बंदुकीच्या शेजारी, वेगळ्या विड्याच्या पानावर ठेवला. “यंदा देवीला सांगतें, नवी सून आली आहे, तिची रीत वेगळी म्हणून.” मी ह्या घरात येऊन पाच वर्षं झाली होती. आरती झाली. सुंदरचा हात त्यांनी कट्यारीच्या मुठीला लावला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरवली, तेव्हा मी ट्रंकेची किल्ली कमरेची काढून त्यांच्यापुढे धरली. “ही तुमच्याजवळ असू दे, आत्याबाई.”

“मला कशाला? मी विसरभोळी. तूं लोखंड सांभाळ.” त्यांनी किल्ली माझ्याच कमरेला परत खोचली. “मी आभाळ बघत जाईन.”

दिवाळीनंतर आकडी बसवायला आम्ही माउंट रोडला गेलो, तेव्हा मी आमच्या शेतातल्या शेंगांची पिशवी बरोबर नेली. शेषगिरींना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, माझ्याकडे नव्हे, वर कुठंतरी. मग शेंगा घेतल्या. नवी आकडी बसली, गोळी आता दर वेळी सुटून बाहेर येते. तरीही संध्याकाळी हे गच्चीवरून उतरतात आणि आधी आत्याबाईंच्या खाटेपाशी जातात. उजेड असतो तोवरच उतरतात. कोल्ह्यासाठी अंधार होईपर्यंत थांबायचं नाही, हा त्यांनीच घालून घेतलेला नियम. आत्याबाई ऑपरेशन झालेला डोळा नळीला लावतात आणि एवढंच म्हणतात, “आहे.”

मग मी हात पुढे करते.