स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती

मी एक जुनी खुर्ची आहे, पण साधीसुधी नव्हे बरं का मित्रांनो! मी घशाच्या डॉक्टरांची खुर्ची आहे. लोखंडी पाय, मान टेकायला उशी आणि पायाने दाबला की मला वर उचलणारा दांडा. नवी आले तेव्हा मी अशी चकाकत होते, की डॉक्टरांनी माझ्यात बघून भांग सरळ केला होता.

त्या काळी मोठ्या माणसांचे टॉन्सिल माझ्यावरच काढत. सुई देऊन नुसता घसा बधिर करायचा. माणूस जागा, ताठ बसलेला. "शाबास, जराही हलला नाहीत!" असे डॉक्टर म्हणत, तेव्हा त्यातली निम्मी शाबासकी मी गुपचूप घेत असे. मग पलीकडच्या खोलीत टेबल आले. त्यावर पूर्ण भूल देऊन झोपवतात. सगळे तिकडे वळले आणि माझ्याकडे उरले नुसते 'आ करा'. दांडा कुरकुरू लागला, उशी उसवली आणि मला अडगळीत टाकायची भाषा माझ्यादेखतच होऊ लागली.

अशात एक ट्रक चालवणारे दादा बायकोसोबत आले. सारखा घसा सुजायचा, ताप भरायचा, गाडी दारात उभी राहायची. आणि घोरणे असे, की शेजारी भिंतीवर थापा मारत! डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिल काढायलाच हवेत. घसा बधिर करून बघू, नाहीतर पूर्ण भूल."

"मला जागंच ठेवा," दादा पटकन बोलले. "दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असलं की माझा डोळा लागत नाही. आजवर कधी लागलेला नाही."

"अहो, पण..." बायको म्हणाली.

"पण नाही न् बिण नाही!"

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही! किती वर्षांनी कुणी मला निवडले होते!

डॉक्टरांनी आधी घसा पारखला. लाकडी पट्टी जिभेमागे टेकते न टेकते तोच दादांना उमासा आला. त्यांनी डॉक्टरांचा हात झटकला आणि मला अशी लाथ बसली, की मी कळवळले. पुन्हा तेच. मग तर पट्टी दिसताच तोंड मिटले.

"आत कात्री असताना असं झालं तर?" डॉक्टर हळूच म्हणाले. दादा मला हवे होते. पण त्यांनी माझे हात इतके घट्ट आवळले होते, की त्यांची भीती मला कळत होती.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या आणि स्टूल ओढून समोर बसल्या. "तुम्ही झोपलात की मी काय करते, माहितेय?"

"चहाला जात असाल."

बाई हसल्या. "डोक्याशी बसते. नळीतून श्वास नीट जातोय ना, नाडी कशी चाललीय, सगळं बघते. तुम्ही जागे होऊन नाव सांगेपर्यंत हलत नाही."

"डुलकी लागली तर?"

"क्लीनर शेजारी झोपला की तुम्ही डुलकी घेता?"

दादा ताठ झाले. "छे! त्याचा जीव माझ्या हातात असतो."

"मग? माझंही तसंच."

दादांनी बायकोकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. माझ्या हातांवरची त्यांची पकड सैल झाली. "घ्या तर स्टेअरिंग," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी ते उपाशीपोटी आले आणि माझ्यासमोरून टेबलाकडे गेले. हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? पण दार लागले आणि मी हेवाबिवा विसरून कान लावून बसले. शेवटी बाईंचा आवाज आला, "दादा, उठा! नाव सांगा!" आणि घोगऱ्या आवाजात नाव ऐकू आले! मला पाय हलवता येत असते तर मी नाचले असते.

पुढे ते घसा दाखवायला आले, ते हातात ग्रीसचा डबा घेऊन! "फार कुरकुरते बिचारी," म्हणत त्यांनी माझा दांडा मोकळा केला. बायकोने उशी शिवली. अडगळीची भाषा तिथेच मिटली. म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूला फेकण्याआधी एकदा तेलपाणी करून बघा. आणि भीती वाटली तर दादांसारखे खुशाल विचारा, "डुलकी लागली तर?"

त्या ग्रीसच्या दिवशी डॉक्टरांना यायला उशीर झाला. दादांनी शिवलेल्या उशीवर मान टेकली आणि त्यांचे डोळे मिटले. घोरण्याचा आवाज नाही, काही नाही! बायको घाबरली. तिने त्यांच्या नाकापाशी बोट धरले. बोटाला श्वास जाणवला तशी ती हसली.

डॉक्टर आत आले आणि त्यांना उठवू लागले.

"झोपू दे की थोडं," ती म्हणाली. "मी आहे ना जागी."