अर्धी गुराब

कापलेली बाजू

चाकणच्या दत्तोबा सुताराने बैलगाड्यांची कामं बाजूला ठेवून पिंपरीच्या एका कारखान्यातल्या प्रदर्शनासाठी गुराबेचा, म्हणजे आंगऱ्यांच्या काळच्या लढाऊ जहाजाचा, सागवानी नमुना केला. जहाज मधोमध कापल्यासारखं दाखवायचं होतं. आत तोफा होत्या, शिड्या होत्या, दारूच्या कोठीला उघडमिट होणारं दार होतं. हे बायकोने बघावं म्हणून त्याने सावित्रीबाईला उद्घाटनाला आणलं होतं.

पूजेला बसलेले गुरुजी उठले. "हे खंडित आहे. खंडित वस्तूची पूजा होत नाही."

"गुरुजी, ते मुद्दाम कापलंय."

"मुद्दाम फोडलेली मूर्तीही खंडितच."

पाहुण्यांची मोटार फाटकात आली होती. मॅनेजरसाहेबांनी खोक्याची फळी मागवली.

झाकलेली बाजू

उघड्या बाजूवर फळी ठोकली, गुरुजी बसले, नारळ फुटला. वरची पाटी तशीच राहिली: 'युद्धनौकेची अंतर्रचना'. पाहुणे फळीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "फार बारकाईचं काम."

सावित्रीबाई म्हणाली, "ह्या खोक्यापायी मोऱ्यांची गाडी चाकाविना पडलीया व्हय?"

दत्तोबाने पटाशी काढली. "साहेब, पूजा झाली. आता फळी काढू?"

साहेब दचकले. "अहो, पूजलेल्या वस्तूला हत्यार लावतात होय?"

गुरुजींनीही मान डोलावली.

दत्तोबा मग फळीशेजारी उभा राहून येईल त्याला सांगू लागला, "आत तोफा हायेत." लोक फळीला हात जोडून पुढे सरकत. सावित्रीबाईनेही जोडले.