सगुणाच्या खिडकीत अडकलेली वाटी

मी वाटी बोलतेय. स्टीलची, साधी, नवी मुंबईच्या करावे गावातल्या जागृतीच्या घरची. एवढ्याशा वाटीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणाल. म्हणा. पण जे पाहिलं ते माझ्या पोटात मावत नाही, आणि पोटात मावणं हेच तर माझं काम.

एका हळदीत आहेर म्हणून आम्ही सहा जणी या घरात आलो. बाकीच्या डबे पोचवता पोचवता कुठे गेल्या देव जाणे. मी तेवढी उरले. वरण, कालवण, कधी देवाचा नैवेद्य, असं निवांत चाललं होतं. मग जागृतीच्या नमिताला डायबिटीस निघाला. टाइप वन. पोर दहा वर्षांची.

"येवढ्याशा पोरीला साखरंचा आजार? कुनाची नजर लागली गो बाय!" म्हणत गोजराआजीने डोळ्याला पदर लावला. आजी म्हणजे जागृतीची सासू. त्या दिवशी तिचं जेवणही माझ्यात तसंच पडून राहिलं.

नेरूळच्या डाएटिशियन बाईंनी सांगितलं, "पोर ज्या वाटीतून जेवते ती घेऊन या." मी जागृतीच्या पर्समधून गेले. बाईंनी माझ्यात भात भरला, सपाट केला, काट्यावर ठेवला. म्हणाल्या, "या वाटीत तीस ग्रॅम कार्ब्स बसतात. नमिताला सध्या पंधरा ग्रॅमला एक युनिट इन्सुलिन. म्हणजे एका वाटीला दोन. भात कमी खाल्ला तर इन्सुलिनही कमीच घ्यायचं, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही, हे लक्षात ठेवा."

त्या दिवसापासून माझा तोरा काय सांगू! पातेली नुसती बघत राहिली. नमिताचं जेवण माझ्याशिवाय पानात पडेना. जागृती सीवूड्सच्या मॉलमध्ये कामाला, दुपारी घरात आजी आणि नात. आजीला ग्रॅम कळत नसत. तिने आपलं पाठ करून टाकलं होतं: दोन वाट्या भात, चार युनिट. कुठली वाटी, हे मात्र कुणी तिला बजावलं नव्हतं.

आजीचा जीव फार मायाळू, आणि तिथेच घात झाला. रविवारी रात्री कोलंबीचं कालवण झालं. नमिताचं जेवण उरकल्यावर आजीने मला काठोकाठ भरलं आणि खिडकीतून समोरच्या सगुणाला दिलं. आमच्या गावठाणातल्या इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की एका खिडकीच्या गजांतून दुसऱ्या खिडकीत वाटी सहज जाते.

सगुणाने कालवण खाल्लं, बोटं चाटली, मला घासून लख्ख केलं. आता शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची आपल्यात रीत नाही. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर. तिने साखरेचा डबा उघडला आणि तिथेच थांबली.

"साखरेचा आजार झालेल्या घरात साखर कशी देऊ बाई? कायतरी तिखटमिठाचं करते नि मग देते."

असं म्हणून तिने मला खिडकीत ठेवलं. तिचं ते तिखटमीठ काही त्या दिवशी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोर आजीने भात वाढायला घेतला. मी जागेवर नाही म्हणताना तिने मांडणीतली दुसरी वाटी उचलली. वरून माझ्यासारखीच रुंद, पण बुडाला उथळ. तिच्यात माझ्या निम्माही भात मावत नाही. मी खिडकीतून बघत होते, हो, अगदी हाताच्या अंतरावरून.

"आजी, वाटी हीच ना आपली?" मोबाइलमधून मान वर न काढता नमिताने विचारलं.

"सगल्या सारख्याच. किती, चार ना?"

पोरीने इन्सुलिनच्या पेनवर चार युनिट लावले. अगं थांब! अगं, त्या वाटीला चार नको! मी जीव तोडून ओरडले असते, पण वाटीला खणखणायलाही कुणाचा तरी हात लागतो. सुई टोचली गेली. दोन उथळ वाट्या भात पोटात गेला. आजीने प्रेमाने "अजून घे" म्हटलं, आणि नमिता शहाण्यासारखी "नको, मोजलंय" म्हणाली.

अभ्यासाला बसल्यावर थोड्या वेळाने तिच्या हातातली पेन्सिल गळून पडली. कपाळावर घाम, ओठ थरथरताहेत.

"आजी... साखर दे. शुगर कमी झाली."

"साखर? यडी झाली का काय? साखरंनीच तर वाटोलं केलंय तुजं!"

नमिताने मोबाइलवरून आईला कसाबसा स्पीकरवर फोन लावला. सासूला हाक मारणारा जागृतीचा आवाज सगळ्या घरभर झाला. "आई, ग्लुकोज द्या आधी! वरच्या फळीवरचा डबा!"

"त्यो पांढरा? चाखला तं गोड लागला, म्हनून टाकला गो मी देऊन."

"मग साखर द्या, गूळ द्या!"

"घरात दाना नाय ठेवला..." आजीचा आवाज फुटला. पोरीला जपायचं म्हणून तिने घरातून गोड म्हणून जे जे होतं ते हद्दपार केलं होतं. पलीकडे जागृती रडायला लागली. नमिता टेबलावर कलंडली. माझ्या डोळ्यांसमोर एक जीव चालला होता आणि मी लख्ख घासलेली, रिकामी बसले होते.

आजी खिडकीला धडकली. "सगुने! साखर! पोर चालली माजी!"

सगुणाने हाताला लागलं ते भांडं उचललं. ती मीच होते. डब्यात बुडवून मला शिगोशिग भरलं आणि गजांतून पुढे केलं. आजीने मला असं हिसकावलं की निम्मी साखर दोन इमारतींच्या मधल्या गटारात गेली.

"सुद हाय गो पोरीला? गिलतेय का?" आजी स्वतःलाच विचारत होती. गिळत होती. पाण्यात कालवलेली साखर घोट घोट करत आत गेली. मग शुगर मोजायच्या मशीनसाठी बोट टोचलं, थांबून पुन्हा टोचलं. आकडा मुंगीच्या पावलाने वर चढला. जागृती रिक्षातून उतरून धावत आली, तेव्हा लेकीने डोळे नीट उघडले होते.

नमिताने माझ्याकडे बघितलं. "आजी, आपली वाटी ही."

आजीने ती दुसरी वाटी पाण्याने काठोकाठ भरली आणि माझ्यात ओतली. पाणी माझ्या निम्म्यापर्यंतही आलं नाही. आजी लेकरासारखी रडली.

आता माझ्या बुडाला जागृतीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. फळीवर ग्लुकोज आणि साखर, दोन्ही डबे आहेत. तरी रोज भात वाढायच्या आधी आजी मला उलटी करून ठिपका बघते, आणि मग पुन्हा एकदा बघते. हे काय एका दिवसाचं आहे? पोरीला जन्मभर जेवायचंय.

एकच हात जोडून मागणं आहे. तुमच्या घरी अशी एखादी वाटी आली, तर रीत मोडली तरी चालेल, पण तिला थांबवू नका. रिकामीच परत पाठवा. पलीकडे कुणाचं तरी पान तिच्यासाठी अडलेलं असतं.