बघतोसाहेब

“पुढचं कोण?” माजी आमदारांनी सवयीने विचारलं. बाहेरच्या बाकावर एकटीच बाई होती, त्यांची बायको. ती पदर सावरत आत आली आणि उभीच राहिली.

पंचवीस वर्षं या खोलीत माणूस मावत नव्हता. कुणाची बदली, कुणाच्या गल्लीतला नळ, साहेब शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, “बघतो.” निम्मी कामं होतही, माणूस मनाने निर्मळ होता. पण विरोधकांनी नाव पाडलं ते पाडलंच, बघतोसाहेब. एवढं बघून डोळे दुखत नाहीत का, असं भर सभेत विचारलं होतं. मागच्या निवडणुकीत ते पडले आणि बाक रिकामा झाला. त्याच वर्षी बायकोला माणसं ओळखू येईनाशी झाली. वाद घालू नका, त्यांच्या कलाने घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून साहेब रोज सकाळी दहाला खोली उघडत, आणि ती रोज नंबर लावून बसे. एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ‘अहो’ निघावं, एवढंच मागणं ते देवापाशी मागत.

“बसा. काय काम काढलंत?”

“आमचे हे घरी येत नाहीत.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून म्हणा ना.” ती किंचित हसली.

तक्रार नव्हती तिची. माणूस लाखात एक, लोकांसाठी राबतो. एक दिवस तेवढा वेळेवर जेवायला पाठवा, ताट तरी किती वेळ झाकून ठेवायचं, एवढंच तिचं म्हणणं. मग तिने पिशवीतून घडीचा कागद काढून टेबलावर पसरला. पहिल्या निवडणुकीचं पत्रक. त्यावर काळ्याभोर केसांचा, हात जोडलेला तरुण.

“हे असे दिसतात. कुठे भेटले तर सांगा.”

साहेबांचा हात नकळत आपल्या पांढऱ्या केसांकडे गेला. तो शब्द ओठांपर्यंत आला होता.

“बघतो तेवढं म्हणू नका,” ती म्हणाली. “तेही तेच म्हणतात.”

आणि ती पुन्हा बाहेर बाकावर जाऊन बसली.

साहेब खुर्चीतून उठले. बाहेर येऊन बाकाच्या टोकाला टेकले. तिने जरा सरकून जागा करून दिली.

“तुमचाही नंबर यायचाय?”

“हो. तुमच्यानंतर.”

“मग वेळ लागेल हो,” ती समजुतीने म्हणाली. “साहेबांना फार कामं असतात.”

आत रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरत राहिला.