स्वतःच्याच अर्जावरची टिपणी

रविवारी दुपारी बाबा जेवणाच्या टेबलावर फाइल पसरून बसले होते. आई भांडी विसळत होती. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होते.

"हे बघ गं," बाबा म्हणाले, "'विनंती मान्य करता येत नाही' बरं, की 'विचारात घेता येत नाही'?"

"कोणाची विनंती?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. अर्जदाराच्या जागी त्यांचंच नाव होतं.

अठ्ठावीस वर्षं कारकुनी केल्यावर त्यांना कक्ष अधिकारी म्हणून बढती मिळाली होती. बढतीवाल्याचा पगार जुन्या पगारात एक वेतनवाढ घालून ठरतो. परीक्षा देऊन थेट भरती झालेल्याला मात्र पदाचा ठरलेला सुरुवातीचा पगार मिळतो, आणि तो त्याहून जास्त असतो. बाबांच्या समोरच्या टेबलावर सव्वीस वर्षांचा एक थेट भरतीवाला बसायचा. पद तेच, काम तेच. टिपणी कशी लिहायची, कुठला नियम कुठे लावायचा, सगळं त्याला बाबांनी शिकवलं, आणि पगार त्याला जास्त. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्याआधी पगार त्याच्या बरोबरीला यावा, एवढंच बाबांचं मागणं होतं. हा त्यांचा चौथा अर्ज.

"तुमच्या अर्जाला नकार तुम्हीच लिहिताय?"

"साहेबांनी फाइल माझ्याच नावावर मार्क केली. म्हणाले, हा विषय तुमच्याइतका कोणाला कळतो? त्या पोराला दिलं होतं आधी. त्याला नियमच सापडेना."

"मग सापडू द्यायचा नव्हता!"

"असं कसं? फाइल अडली असती."

आई नळ बंद करून आली. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही सुवाच्य अक्षरात. धन्य आहे तुमची."

"अक्षर चांगलं असलं की साहेब प्रश्न विचारत नाहीत," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही. टिपणी निर्दोष होती. तिच्यात पळवाट शोधायला गेले तर प्रत्येक पळवाट त्यांनी आधीच बुजवून ठेवलेली. मला ओरडायचं होतं. मी म्हटलं, "'मान्य करता येत नाही' बरं वाटतं."

ओरडायला तोंड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मीही थेट भरतीनं लागले होते. शेजारच्या इमारतीत, त्याच पदावर. टिपणी लिहायला मलाही बाबांनीच शिकवलं होतं. पहिल्या महिन्यात बाबांनी विचारलं, "मूळ पगार किती धरलाय?" मी म्हटलं, "तुमच्याएवढाच असेल." जन्मभर दुसऱ्यांचे पगार निश्चित करणारा माणूस. वेतनाचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. "छान," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुन्हा कधी विचारलं नाही.

सोमवारी साहेबांनी स्वल्पविरामही न बदलता सही केली. तीन वाजता शिपायानं उत्तर बाबांच्याच टेबलावर आणलं. त्यांनी पोच दिली, तारीख घातली, वेळही. चारच्या सुमाराला त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. पोराला वाटलं, काकांचा डोळा लागला.

पाचव्या दिवशी कार्यालयात शोकसभा झाली. आईनं येणार नाही म्हणून सांगितलं. मी गेले. पहिल्या रांगेत बसवलं मला. साहेब बोलायला उठले. आवाज जड होता, खरा होता बहुधा. म्हणूनच जास्त चीड आली.

"इतकी वर्षं सेवा केली," ते म्हणाले, "पण या माणसानं कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. कधी तक्रार नाही."

मी उभी राहिले.

"मागितलं होतं," मी म्हटलं. "चार वेळा."

साहेब थांबले. "ताई, तुमचं दुःख आम्ही..."

"चौथ्या अर्जाला नकार त्यांनीच लिहिला, कारण तुमच्या कार्यालयात दुसऱ्या कोणाला तो लिहिता येत नव्हता. सही तुमची आहे. टिपणी वाचली होती का?"

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. पोरगा मान खाली घालून बसला होता.

"तू मान वर कर," मी त्याला म्हटलं. "तुझ्यावर राग नाही. तुला मिळतं तेच मलाही मिळतं."

मग मी सगळ्यांकडे वळले.

"बाबांनी मला पगार विचारला होता. मी खोटं बोलले. ज्या माणसानं मला काम शिकवलं, त्याच्याहून मला जास्त मिळत होतं. त्याच पदावर, त्याच कामाचं." मी हार घातलेल्या फोटोकडे वळले. "बाबा, हे अन्यायाचं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी गप्प बसले."