सोळा अंशांचा मंत्र

मे महिन्यातल्या भर दुपारी फैजपूरच्या नेमबाजी क्लबात पन्नास माणसं जमली होती आणि रायफलला लिंबू बांधलेलं होतं. आठवडाभर क्लबातल्या भूमिकाच्या गोळ्या बोटभर वर जात होत्या. आज महाराजांनी मंत्राने बांधून दिलेल्या पहिल्या पाच गोळ्या बरोब्बर मध्यात बसल्या.

"गोळीत वैऱ्याचा वारा शिरला होता, तो बांधला," महाराज म्हणाले. केळीचे व्यापारी शालिग्रामनानांनी तिथेच पायांवर डोकं ठेवलं.

पुढच्या गोळ्या मात्र हळूहळू वर सरकल्या. "पोरीला मधेच शंका आली," महाराजांचं उत्तर तयार होतं. मंत्र हुकला तरी खापर पोरीवर, हे बरं आहे.

रविवारी राज्य संघाची निवड चाचणी होती. भूमिकाची आई सुंदरबाई म्हणाली, "महाराजांच्या गोळ्या घेशीन त जायाचं, नाहीतं नाही." तीन वर्षं घाम गाळलेली पोर रडवेली झाली. मला रागच आला.

मी कूलिंगची कामं करतो. नानांच्या केळी पिकवायच्या खोलीचं मशीन माझ्याच हातचं. महाराज काडतुसं मांडीवर घेऊन ध्यानाला बसायचे ते याच खोलीत. बाहेर पंचेचाळीस अंश, आत सोळा. अशा उन्हाळ्यात मीही तिथे आनंदाने संत होईन.

"तुझी काडतुसं कुठे असतात गं?" मी भूमिकाला विचारलं.

"गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, काका."

शनिवारी मी महाराजांनी बांधलेली पाच काडतुसं सगळ्यांदेखत त्या पत्र्याखाली तासभर ठेवली. दुसरी पाच, बिनमंत्राची, नानांच्या खोलीत केळ्यांच्या कॅरेटमागे. भूमिकाने दोन्ही झाडली. मंत्राच्या गोळ्या वर गेल्या, बिनमंत्राच्या मध्यात बसल्या.

"कसं काय हे?" नाना पुटपुटले.

"काडतुसातली दारू तापली की गोळी जास्त वेगाने सुटते, वाटेत कमी खाली येते," मी म्हणालो. "महाराजांच्या गोळ्या गार होत्या तोवर मध्यात, तापल्या की वर. उन्हाने हवाही विरळ होते, तोरणमाळसारख्या उंचावर असते तशी. मग गोळीला अडवणार कोण? रायफलचा नेम जानेवारीच्या थंडीत जुळवलेला, वैरी कुठला शोधता?"

महाराज "कलियुग" म्हणत थंड खोलीकडे निघाले. नानांनी पुढे होऊन कुलूप लावलं.

"मंग आता काय करू राह्यली?" सुंदरबाईने लेकीला विचारलं.

"नेमाच्या साइटचा स्क्रू फिरवते, आई. दोन क्लिक खाली."

रविवारी भूमिका निवडली गेली. चमत्कार दिसला तर हात खुशाल जोडा, पण त्याआधी तोच प्रकार एकदा महाराजांशिवाय करून बघा.