मागची सीट

बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आलिशान गाड्या चालवल्या. मला नोकरी लागली तेव्हा म्हणाले होते, "तुझ्या गाडीत मी मागे बसणार, साहेबासारखा. पायावर पाय टाकून!"

हल्ली त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, म्हणून मी घाई केली. ते ज्या कंपनीच्या गाड्या चालवायचे, तिची सगळ्यात छोटी गाडी का होईना, पण ती बाबांनीच पसंत करायची होती.

शोरूममध्ये त्यांनी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. "ही झकास आहे."

तान्ह्या लेकीला कडेवर घेतलेली मी हरखले. "मग बसा ना मागे, बाबा."

त्यांनी मागचं दार उघडलं आणि ते धरून अदबीनं बाजूला उभे राहिले. "बसा, बाईसाहेब. बाळाचं डोकं सांभाळा."

मला नाही म्हणवेना. लेकीला घेऊन मी आत बसले. दार हलकेच लावून ते पुढे स्टिअरिंगवर बसले.

"कुठं घेऊ?"

मी आमच्या घराचा पत्ता सांगितला.

"अरे वा, तिथंच माझी लेक राहते!" ते आरशात बघून हसले. "गाडी घेणार आहे म्हणे. मला मागे बसवणार आहे."